किंवा तत्सम

वादळानं धक्का नेला, त्याला चौदा महिने झाले.
निविदा मी लिहिते आहे.
सँ-अल्फेज नगरपालिका, नोव्हा स्कोशिया,
दुसरा मजला, हीटरशेजारचं टेबल.

पहिल्या मसुद्यात सरळ लिहिलं होतं :
दगड कोमोच्या खाणीतला.
हॅलिफॅक्सच्या वकिलानं तांबडी रेघ मारून परत पाठवला.
असं लिहिता येत नाही, झेली.
समुद्रापलीकडच्यांशी करार आहे.
गावाचं नाव नको, खाणीचं नको,
माणसाचं तर नकोच.
गुण लिही.

मग मी गुण लिहिले.
घनता. पाणी किती पितो.
किती हिवाळे गोठून वितळला तरी तडकत नाही.
रंग करडा.
(ओला झाला की दिसणारी निळी झाक
कुठल्याच रकान्यात बसेना,
तरी मी ती शेऱ्यात कोंबली.)
आणि शेवटी नियमाचे दोन शब्द :
किंवा तत्सम.

लेआंद्र कोमोला तत्सम कोण?
त्याची बायको म्हणाली, सापडला तर मलाही कळव.

सभेत म्हातारा ओझिआस उठला.
कामाचे चार तुकडे करा, म्हणाला,
एकेक तुकडा रकमेच्या उंबरठ्याखाली सरकवा,
कोण बघतंय?
मी म्हटलं, त्यावरही कलम आहे.
आणि लाट काही हप्त्याहप्त्यानं येत नाही.

उंबरठा आमच्याच दाराचा.
त्याची उंची मात्र ठरली लांब कुठे तरी,
गमबूट कधी न घातलेल्या माणसांच्या बैठकीत,
जेवणाच्या सुट्टीआधी.
आम्हाला एवढंच ठाऊक, ठेच कुठे लागते.

सात निविदा आल्या.
सगळ्यात कमी, स्पेनमधल्या गॅलिसियाची.
कोमो तिसरा.
त्याच्या करवतीवर नऊ माणसं होती,
त्यातला एक माझा भाचा.

लेआंद्र भांडला नाही.
बेकरीच्या रांगेत माझ्यामागे उभा होता,
हळूच म्हणाला,
तू माझा दगड इतका नीट लिहिलास
की तो कुणालाही सापडला.
मी पाव न घेताच घरी आले.

मे महिन्यात जहाज लागलं.
पट्ट्यांनी बांधलेले करडे ठोकळे,
त्यांवर परक्या लिपीसारखे आकडे.
लेआंद्र आला. कुणी बोलावलं नव्हतं.
हातोडीनं एका दगडावर टकटक केली,
कान लावला.
अंगठा थुंकीनं ओला करून घासला.
निळी झाक उमटली.

बराच वेळ तो तसाच उभा, टोपी हातात.
सख्खा नाही, म्हणाला. पण चुलत आहे.

मग गाडीकडे जाता जाता, मान न वळवता :
झेली,
तिकडचे धक्के पडतात का गं कधी?