मचूळ

सूरला, गलबतं बांधतात त्या खाडीपासून
बारा मिनिटांवर आमचा प्लांट.
समुद्र आत येतो खारट, बाहेर पडतो बेचव,
आणि मधल्या पडद्यावर दर पंधरवड्याला
धरतो एक बुळबुळीत थर.
तो खरवडायचा, डिशमध्ये पसरायचा,
हे माझं काम. तीन वर्षं, रात्रपाळी.

पहिला तास काहीच घडत नाही.
ताज्या रश्शात सोडलेला जिवाणू दुभंगत नाही,
यंत्रावर रेघ आडवी.
खमीस म्हणतो, झोपलाय.
मी म्हणते, सामान लावतोय.
कुठली जनुकं उघडायची, कुठली दाबून ठेवायची,
मीठ किती आहे, लोखंड मिळेल का इथं.
मग रेघ अशी उठते
की चहा घेऊन येईस्तोवर कागदाबाहेर.

ग्लुकोज नि लॅक्टोज दोन्ही वाढलं
तर आधी ग्लुकोज.
ते चाटूनपुसून संपेतो
दुसऱ्या वाटीकडं बघायचंसुद्धा नाही,
लॅक्टोज तोडायची कात्री घडवायचीच नाही.
मग एक खंड.
अर्धा तास रेघ बावरून उभी,
आत कात्रीला धार लावणं चाललेलं.
माझाही असा अर्धा तास झाला इथं आल्यावर.
नऊ महिने चालला.

उपासाचं मात्र वेगळं.
रायबोसोमच्या दारी हमाल येतो मोकळ्या हातानं,
पाठीवर अमिनो आम्ल नाही.
एवढ्यानंच अख्ख्या पेशीत घंटा होते:
नवे रायबोसोम बांधू नका,
वाढ बास,
भिंती जाड करा, डीएनए आवळून बांधा.
आणि आहेत ते रायबोसोम
दोन-दोन, पाठीला पाठ लावून निजतात.
बिजूला हे चित्र दाखवलं तर तो हसला.
पगार अडकले त्या साली कॅम्पात आम्ही असेच, म्हणाला.
कॅन्टीनची नवी भिंत तेव्हा थांबली
ती अजून कमरेइतकीच आहे.
तिच्यावर बसून डबा खातात सगळे.

ऑगस्टात समुद्र तांबडा झाला.
क्लोरीन दुप्पट सोडला.
डिशवर एक ठिपका उमटेना.
मी वहीत शून्य लिहिलं नि सही केली.
खमीसनं त्या शून्यावर बोट ठेवलं.
वारा पडला की आमचे आजोबा
शीड उतरवून ठेवायचे, म्हणाला,
गलबत जाळायचे नाहीत.
सतराव्या दिवशी पडद्यावर
तोच थर, तसाच बुळबुळीत.
शून्य मी खोडलं नाही.
शेजारी लिहिलं: दिसले नाहीत.

परवा पंपावर नवा माणूस आला,
वडूजकडचा, निवास खाडे.
माझ्या टेबलावरचा पेला उचलून
एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
'मॅडम, पाणी मचूळ लागतंय ओ.'

मी मीटर बुडवला. चारशे बारा.
मर्यादेच्या आत.

तीन वर्षं मी क्षारता मोजतेय,
क्षारतेवर दोन अहवाल लिहिलेत,
आणि हा शब्द एकदाही लागला नव्हता.
हिंदीवर भागत होतं,
मोडक्या अरबीवर भागत होतं,
आहे ती वाटी संपली नव्हती.
एक किल्ली फिरली
की एका ओळीत बसलेली जनुकं एकदम बोलू लागतात;
तसं मचूळच्या मागून
गढूळ आलं, निवळ आलं,
पाणी निवळायला फिरवलेली तुरटी,
घागरीच्या तळाचा साका,
आणि उन्हाळ्यात विहीर खाली गेली की
आई भाकरीच्या पिठात मीठच घालायची नाही,
ते.

निवास पंपाकडं गेला. गाळणी फाटली होती.

वहीत शेऱ्याचा रकाना असतो,
तो मी रिकामाच सोडत आलेले.
त्यात लिहिलं, देवनागरीत, एकच शब्द.
सकाळी पाळी बदलताना
खमीस बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला,
मग म्हणाला,
हे कुठलं एकक?