देवमण

कामठी रोडला, बंद पडलेल्या वजनकाट्यामागे
कलीमचाचांनी नुकरी सावलीत उभी केली.
पांढरीफेक. नाकपुड्यांवर तेवढे गुलाबी डाग.
"गळ्याचा भोवरा पाहून घे बाई, देवमण हाय.
तुझा बाप असता तं इथंच सौदा झाला असता."

झाला असता.
बाबा घोडं भोवऱ्यांवरून वाचायचे,
कपाळावरचा, कानामागचा, छातीवरचा.
जबड्यात अंगठा घालून म्हणायचे, सात पुरे, आठवं लागलं.
मग रुमालाखाली बोटाला बोट.
तो रुमाल अजून आहे, बँडच्या टोप्यांच्या पेटीत,
कापराच्या वासाचा.

त्याच रुमालाखाली घेतलेली बिजली
महालातल्या वरातीत
सुतळी बॉम्बला नाही बुजली, ढोलाला नाही,
एका पोराचा फुगा डाव्या कुशीला घासला, त्याला बुजली.
त्या बाजूचा डोळा नुसता काचेचा मणी होता.
नवरदेवाचं मनगट मोडलं.
बाबांनी ॲडव्हान्स परत केला, वर दवाखान्याचे दिले,
आणि विकणाऱ्याला कधी शिवी दिली नाही.
एवढंच म्हणायचे,
"मी तिला उजवीकडूनच पाहिली."

तीन दिवस झाले, डॉक्टर वासनिक मॅडमचा नंबर
मोबाइलमध्ये घेऊन फिरते आहे.
सेमिनरी हिल्सवरून येतील. अठराशे फी, पेट्रोल वेगळं.
अंधारात नेऊन दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारतील,
एकेक पाय मिनिटभर दुमडून धरतील,
सोडला की लगेच दुडकी, कडक जमिनीवर.
छाती ऐकतील, पळवून पुन्हा ऐकतील.
रक्त हिसारला जाईल. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस.
तुळशीच्या लग्नाला उरलेत एकवीस,
आणि जरीपटक्याच्या दोन तारखा मी घेऊन बसले आहे.

भाऊ म्हणतो, "काहून पैसे घालवतं वो?
चाचा घरचा माणूस. त्याच्या दारात डॉक्टर नेशीन
तं तो काय समजीन?"
रात्रभर तेच.
पहाटे आठवलं,
चाचा माझी पाचशेची प्रत्येक नोट उन्हात धरून पाहतात,
वीस वर्षं.
मी कधी काय समजले?

तरी बोलताना जीभ जड झाली.
"चाचा, घोडी पसंत आहे. सव्वा लाखही कबूल.
पण आधी डॉक्टर पाहतील."

नुकरीनं माशी हाकलली.
एक ट्रक गेला, मग दुसरा.
चाचांनी दोर या हातातून त्या हातात घेतला,
गाठ नव्हती तिथं गाठ शोधली.

"चढाला खोकते," ते म्हणाले. "दोनदा. कधी तीनदा.
मी म्हणलो, धूळ असंन. कुट्टी बदलली.
कोणाले विचारलं नाही.
सहा वर्षं हातानं खाऊ घातलं बाई,
विचारायची हिंमतच नाही झाली.
आण डॉक्टर. अर्धी फी माझी.
अन् जे निघंन ते मलेही सांग,
तू घे की नको घेऊ."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.
देवमणावर हात ठेवला. केस तिथं उलटे फिरतात,
पाण्यात खडा पडल्यासारखे. खाली ऊब.
कोपराच्या मागे कान लावला:
काहीतरी सावकाश चाललं होतं,
मध्येच थांबल्यासारखं, पुन्हा.
असंच असतं का, असं नसावं का,
मला काय कळतं?
बाबांनाही कळलं नसतं.

फोन लावला. रिंग जात होती.
तिच्या तोंडापुढून वळसा घालून
मी डाव्या बाजूला आले.
तिनं मान वळवली, आणि त्या डोळ्यात
वजनकाटा, ऊन, चाचा,
आणि कानाला फोन लावलेली मी,
सगळे होतो.

"हॅलो," तिकडून आवाज आला.
"मॅडम," मी म्हणाले, "एक घोडी पाहायची आहे."