वजनवही

मालकांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली:
विसावं नाव लिहायचं नाही.
एकोणिसावर रेघ मार, पान उलट.
बाकांवर बाया एकतीस,
वहीत एकोणीस.
उरलेल्या बारा जणींचा गर
मी वाढून टाकायचो इतरांच्या नावांवर,
पंगतीत उरलेली भाजी संपवावी तसा.
संध्याकाळी पैसे मात्र ज्याचे त्याला, सुट्टे, चोख.
तेवीस वर्षं मी स्वतःला
सचोटीचा माणूस समजत होतो.

मार्च ते मे गावची बी.
पावसात आफ्रिकेची, पोत्यांवर बेनिनचा शिक्का.
जयवंती चिपकर ती पोती धुऊन
दारात पायपुसणी टाकायची.
परदेश आमच्या उंबऱ्याला तेव्हाच आला होता,
आणि श्रावणातली चूल त्याच्याच जिवावर.

मग आला व्हिएतनामचा सोललेला गर,
यंत्रातून निघालेला, गुळगुळीत,
किलोमागे नव्वद रुपये स्वस्त.
मालकांनी तो आमच्याच पिशवीत भरला.
पिशवीवर माड आणि होडी छापलेली होतीच.
गणपतीनंतर बॉयलर पेटला नाही.

आता योजना आली आहे,
परदेशी मालामुळे काम गेलेल्यांसाठी.
'काम कशामुळे गेले? पुरावा जोडा.'
इनासिन फर्नांडिसने खिडकीत मूठ उघडली.
चिकाने काळ्या पडलेल्या तळव्यावर
एक त्यांचा गर, एक आपला.
"आमच्या गराक नख लागलेला आसा, बघा."
साहेबांनी दोन्ही उजेडात धरले, मान हलवली,
आणि बोलता बोलता खाल्ले.
चव सारखीच आहे म्हणाले.
खोटं नाही बोलले.

दुसरी अट: सलग दोनशे चाळीस दिवस काम,
लेखी नोंदीसह.
लेखी म्हणजे मी.
माझ्या वह्या टेबलावर, वाळवी लागलेली एक सोडून.
एकोणीस जणी पात्र.
बारा जणी कधी नव्हत्याच.

जयवंती रडली असती तर बरं झालं असतं.
बाहेर, झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर बसून
तिने शांतपणे विचारलं,
"माजा वजन कोणाच्या नावार लिवलंस,
तां तरी सांग."
जसं कुणी विचारावं,
माझं मूल कोणाच्या घरी वाढलं.

मला पाठ होतं.
इनासिन, सोळा किलो. पुन्हा सोळा. साडेपंधरा.
दोन हात दिवसाला आठ सोलतात,
हात चांगले असले, डोळे शाबूत असले तर.
तेवीस वर्षं ती अशक्य बेरीज
उघड्या पानावर पडून होती, निळ्या शाईत,
तपासनीस आले, चहा प्याले, सही करून गेले.
साहेबांनी तर कौतुकच केलं:
"ही बाई विक्रमी आहे."

इनासिन परत खिडकीशी गेली.
मागे रांग, तिच्या हातात मंजूर झालेला कागद.
"ह्यातले आठ माजे, आठ जयवंतीचे.
लिवन घेवा."
"रकाना एकच आहे, बाई."
"मग दुसरो वडा."
"असं केलंत तर तुमचंही प्रकरण अडकेल."
"अडकांदे."
आणि ती कागद मागे घेऊन
पंख्याखाली बाकावर बसली,
कारखान्यात बसायची तशीच,
एक पाय दुमडून, डावीकडे
एका माणसाची जागा सोडून.

साहेब माझ्याकडे वळले. एक मार्ग आहे म्हणाले.
वजन लिहिणाऱ्याने लिहून द्यायचं,
शपथेवर, की नोंदी खोट्या आहेत.
खोट्या कोणी केल्या, तेही.
मालकांचा फोन दुपारीच येऊन गेला होता.
त्यांनी फक्त माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख विचारली.

कोर्टाच्या भिंतीला लागून टायपिस्ट बसतो.
त्याने मुद्रांक सरळ केला, रोलर फिरवला.
मी म्हणालो, लिहा:
मी, वासुदेव रामा आरोलकर, वय एकसष्ट,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की
कामावर बाया एकतीस होत्या.
त्याने एकतीस अंकात टाइप केलं,
कंसात अक्षरी.
त्याची बोटं कळांवर थांबली.
"पुढे?"

नावं सांगायची होती.
बारावर मी अकराच मोजत होतो.
एक आठवेना.
भिंतीपलीकडे इनासिन बसली होती.
मी उठलो, तिला विचारायला.