सलाईन

कॉलेजनं दिलेला फॉर्म चार पानी.
कल्पना, आराखडा, नमुना, चाचणी,
आखलेले चौकोन, प्रत्येकाखाली तीन ओळी.
सहा आठवडे लातूरच्या एमआयडीसीत
हुलसुरेंच्या दालमिलमध्ये राहून
मी ते भरायचे होते.

पहिल्या दिवशी ताजुद्दीन फिटरनं विचारलं,
"काय शिकायलाव?"
म्हटलं, नवं कसं घडतं ते.
त्यानं हातात तेराचा पाना ठेवला.
"मंग ही पाठ उघडा."

रंग पाहून डाळ निवडणाऱ्या यंत्राची पाठ.
बारा नट, एक झिजलेला.
आत अर्धा आशिया दाटीवाटीनं बसलेला:
पत्रा चीनचा, झडपा कोरियाच्या,
एका पट्टीवर व्हिएतनामचं नाव,
पंखा कोइमतूरचा,
आणि उंदरानं वायर कुरतडली तिथं
उदगीरच्या सायकल दुकानातलं ट्यूबचं रबर.
चिनी पुस्तिकेवर कुणीतरी बॉलपेननं लिहिलेलं:
हे लाल बटन दाबू नये. दाबलं होतं.

दुखणं एवढंच
की अकरा वाजले की यंत्राला दिसेनासं व्हायचं.
काचेवर भुकटीचा थर,
चांगली डाळ डागीत, डागी चांगलीत.
आम्ही रिक्षाचा वायपर बसवला. काच ओरखडली.
हवेची नळी लावली. भुकटी दुसऱ्या काचेवर गेली.
फॉर्मात 'कल्पना' कोरीच,
'चाचणी'च्या तीन ओळी मात्र संपल्या,
पान उलटून मागं लिहीत गेले.

निवडायला पूर्वी अठरा बायका होत्या.
आता इमलबाई एकटीच,
यंत्राच्या हातून निसटलेलं वेचायला.
यंत्र आलं तेव्हा डागी कशाला म्हणायचं
हे त्याला तिच्याच सुपानं दाखवलं होतं.
तिनं नाही सांगितलं, ताजूनं सांगितलं.

तिनं मूठभर डाळ घेतली, चिमटीत चोळली,
अंगठा पदराला पुसला. पुन्हा पुसला.
"काचंला काय बोलता? त्याल ज्यादा झालंय."

तेल. भरडण्याआधी तुरीला लावायचं तेल,
गडी डब्यानं, अंदाजानं ओततो ते.
ताजूनं स्कूटर काढली
आणि अर्ध्या तासानं आला
खिशात सलाईनचे नऊ सेट घेऊन.
"सासू अॅडमिट होती तवा
रातभर हेच चाक बघत बसलो होतो."

बाटल्या उलट्या टांगल्या, नळ्या तुरीवर सोडल्या,
चाक अर्धं फिरवलं.
थेंब.
थेंब.
तिसरा अडकला, तेल गार होतं.
दुसऱ्या दिवसापासून डबा आधी उन्हात.

पंधरा दिवस मी थेंब मोजले.
मिनिटाला चाळीस: डाळ चिकट.
बावीस: साल सुटेना.
एकतीस.
इमलबाईनं चोळून पाहिलं, "हां" म्हणाली.
अकरा वाजले. बारा वाजले.
यंत्र बघत राहिलं.

शेवटच्या पानावर प्रश्न होता, कल्पना कोणाची?
ताजू म्हणाला, सासूची लिहा.
हुलसुरे म्हणाले, फर्मचं नाव येऊ द्या.
इमलबाईला विचारायला गेले
तर ती रिकामं सूप मांडीवर घेऊन बसलेली.
यंत्राला नीट दिसायला लागल्यापासून
वेचायला काही निसटतच नव्हतं.

पोळ्यापर्यंत आणखी सहा मिलांत बाटल्या लटकल्या.
मेडिकलवाले सोनटक्के ताजूला विचारतात,
"आज किती पेशंट?"
"चार टन."
इमलबाई आता मिलोमिल फिरते,
एकेक दिवस, डाळ चोळून "हां" म्हणायला.
रोज मिळतो तो निवडणीचाच.

निघताना तिनं माझ्या तळव्यावर चिमूटभर डाळ ठेवली.
"चोळ. सांग."
मी चोळली, डोळे मिटून, खूप वेळ.
म्हटलं, तेल थोडं जास्त आहे.
ती हसली.
"डाळ बरूबर हाय, माय.
तुज्या हाताला क्रीम लावलंय."