सोळाचं घर

धरणगावच्या त्या जिनिंगमध्ये
संगणक बंद पडायचा तो सांगून नाही.
कधी काटापट्टी छापताना,
कधी नुसता बसलेला असताना, कुणी हातही न लावता.
निळा पडदा, पांढरी अक्षरं,
आणि चंद्रकला सैंदाणेचे दोन्ही हात कीबोर्डवरून वर,
जणू तिच्याकडूनच काही सांडलं.

शेठ म्हणाले, पोरगी काहीतरी दाबते.
उखर्डू आप्पा मुकादम म्हणाले,
"हाऊ बी दम खास ना भो, मानुससारखा."
मी म्हणालो, पाहतो.

पाहिलं. आधी वीज.
मग व्हायरस: तीन तासांत एकच सापडला,
म्हातारा, दात पडलेला.
मग झाकण उघडलं, तर आत
पंख्याने कापसाची टोपी घातलेली,
बोर्डावर रुईची साय.
ब्लोअर मारला, चहा प्यालो, पैसे घेतले.
दुसऱ्या दिवशी पावणेबाराला फोन.
"दादा, परत."
एवढंच. ती कधी जास्त बोलली नाही.

गरमीने म्हणावं तर माघातली पहाट,
बोटं गारठलेली, तरी पडला.
मीही मग शेठसारखाच तिच्या बोटांकडे पाहू लागलो.

तेव्हा तिने वही काढली.
शाळेची, चौकटीची, कव्हरवर सरकीचं तेल.
तारीख, वेळ, काय चालू होतं, कारण.
त्रेचाळीस नोंदी. कारणाचा रकाना रिकामा.
मधेच एका ओळीखाली दोनदा रेघ:
बंद पडला नाही, पण एक्केचाळीस क्विंटलचे सत्तावन्न छापले.
सोळा क्विंटलचे पैसे
तिच्या पगारातून हप्त्याने कापणं चालू होतं.

सोळा.
माझ्या डोक्यात काहीतरी हललं.
माणूस चुकतो तेव्हा चारचे सात करतो,
आकडे उलटे लिहितो, शून्य विसरतो.
नेमके सोळा वाढवणं
माणसाचं काम नाही.

त्या रात्री तिथेच राहिलो.
दोन वाजता जिन थांबली, कान दुखावेत इतकं शांत झालं.
टेस्ट लावली.
ती प्रत्येक घरात शून्य ठेवते, परत मागते,
एक ठेवते, परत मागते,
गावातलं एकेक दार वाजवावं तशी,
लाखो दारं, कोट्यवधी,
आणि सगळी घरं दिलेलं परत देतात.
चाळीस टक्क्यांवर लाल ओळ.
एक घर. सोळाचं.
शून्य ठेवलं तर एक म्हणत होतं,
तेही दर खेपेला नाही.

काढली पट्टी. खोडरबराने पिवळे दात घासले,
जागा बदलली, पुन्हा लावली.
लाल.
दुसरी एकटी लावली: दोन फेऱ्या, स्वच्छ.
म्हणजे हीच.
उजेडात धरून उलटी केली.

मागे चिकटपट्टी. माझ्या दुकानाची.
वर माझंच अक्षर, घाईचं, दिवाळीतलं.
आठवलं मग:
शेठ म्हणाले होते, हळू चालतो, काहीतरी वाढव,
आणि मी भुसावळहून जुन्या मालात आणलेली
एक पट्टी, न तपासता, नव्याच्या भावात
खोचली होती.
वहीचं पहिलं पान काढलं.
पहिली नोंद त्यानंतर दोनच दिवसांनी.

सकाळी ती आली, डबा ठेवला,
पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी बिल लिहून ठेवलं होतं:
रॅम खराब, बदलली, विनामूल्य.
तिने वाचलं. विनामूल्य या शब्दावर
जरा जास्त वेळ थांबली.
"कुणी टाकलेली होती?"

बाहेर पहिली गाडी काट्यावर चढली,
आप्पा कुणालातरी ओरडले,
शेठची मोटारसायकल फाटकात वळली.
बिलात या प्रश्नाला जागा नव्हती.

तिने वही उघडून माझ्यापुढे सरकवली,
चौथा रकाना, वरपासून खालपर्यंत कोरा.
लिहा म्हणाली नाही.
फक्त पेनाचं टोपण काढलं.