डबा जागेवर

मे महिना, सकाळचे साडेसात,
आणि फोन आत्ताच म्हणतोय, तापलोय, सावलीत ठेवा.
सतरा अंश अडतीस मिनिटं, पुढचे आकडे बघावे लागत नाहीत.
विकलेल्या घराचा लँडलाइन नंबर
बोटांना आठवत राहतो, तसे आठवतात.

कंबर तलावाच्या काठाला पंपहाऊसची भिंत होती,
भिंतीत तिसऱ्या थराला एक सैल वीट.
वीट मल्लिनाथनं हुडकली, डबा मी आणला:
शेंगाचटणीची बरणी, तीनदा धुतलेली,
तरी झाकण उघडलं की आधी लसूण भेटायचा,
मग वही.
घरी सांगितलं, जिओकॅश लपवून आले.
बाबांनी पेपर खाली घेतला. कॅश? किती?

तेरा वर्षं.
वहीत सत्तावीस सह्या, एक जर्मन नाणं,
कुणीतरी ठेवलेली मागाची कांडी, तिला अजून हिरवा दोरा.
मग मल्लिनाथ पुण्याला गेला.
(सोलापुरात चालायला शिकलेलं सगळं पुण्याला जातं.)
मग फुटपाथ रुंद झाला, भिंत गेली,
आणि नकाशावर आपल्या ठिपक्याखाली
लागोपाठ तीन जणांनी लिहिलं:
सापडला नाही. सापडला नाही. नाही.

म्हणून हा नवा. चार कड्यांचा, हवाबंद,
मंगळवार बाजारातून, घासाघीस करून एकशेदहाला.
मल्लिनाथला विचारलं, जवळच दुसरा ठेवते, चालेल ना?
त्यानं एक अंगठा पाठवला. पिवळा.

जुन्या जागेपासून चाळीस पावलं,
करंजाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर ढोली.
मी बुटाची नाडी बांधत होते, चौथ्यांदा,
फिरायला आलेली माणसं सरायची वाट बघत.

"काय हुडकालाव, म्याडम?"

खाकी शर्ट, कानात अत्तराचा बोळा.
पक्षी बघतेय, म्हणाले.
त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग बुंध्याकडं.
"पक्षी खाली नसतंय."
आणि केबिनमध्ये जाऊन पिशवी घेऊन आले,
पिशवीत पिशवी, तिच्यात आमची बरणी.
"भिंत पाडली तवा काढून ठिवलो. तुमचंच का?"

मुंग्यांनी वहीचा एक कोपरा खाल्ला होता.
सत्तावीस सह्यांनंतर एक ओळ मोकळी,
आणि पुढं निळ्या बॉलपेननं, मीटरचं रीडिंग घ्यावं तसं,
दर महिन्याच्या एक तारखेला:
डबा जागेवर. खाजासाब.
डबा जागेवर. खाजासाब.
पानामागून पान.
जागा तर नव्हतीच.

हे काय असतं म्हणून विचारलं नाही कुणाला?
"कशाला इचारू? समदी सही करतेत, मीबी केलो."

मी नवा डबा उघडला, कोरी वही, पेन पुढं केलं.
त्यांनी घेतलं नाही.
"असं नसतंय ते. हुडकून करतेत. मी बघितलोय."
आणि तलावाकडं तोंड करून उभे राहिले,
हात मागं बांधून, शाळेतल्यासारखे.
कमळाच्या पानांवरून एक पाणकोंबडी चालत गेली.
मी डबा ढोलीत सरकवला, वर दोन सालपटं, एक वाळकं पान.
झालं, म्हणाले.

चाळीस पावलांत लपवायला दुसरं होतंच काय?
तरी खाजासाबनी आधी बाकाखाली वाकून बघितलं,
मग दगड उचलला, ठेवला,
कुंपणाच्या खांबामागं हात घातला,
मान हलवली,
आणि मग कुठं करंजाकडं वळले.

वहीत काय लिहिलं ते मी बघितलं नाही,
नियम आहे, पहिली सही सापडवणाऱ्याची.
बरणी त्यांनी मागून घेतली, चुन्याच्या पुड्या ठेवायला.
धुतली तरी वास जात नाही म्हणाले मी.
"राहू द्या की," म्हणाले,
आणि मला एक तारखेची आठवण करून दिली,
जणू मीच विसरणार होते.