रिलीज बेअरिंग

क्लच दाबला की रडते,
सोडला की गप्प.
इराप्पा डोळे मिटून ऐकतो,
मग म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवाय लागतंय की."

गोव्याच्या नंबरची, तीन मालकांची,
दोन सीटांची ही लाल गाडी
चोर्ल्यातनं आणली तेव्हा
बायको एवढंच म्हणाली : पोरं कुठं बसवायची?

उद्यमबागेत दोन दिवस पोट उघडून.
बोल्ट कुंद्याच्या रिकाम्या डब्यात.
पोराला कानडीत "स्पॅनर कोडो",
मला मराठीत चहा,
गाडीशी मात्र इराप्पाचं नुसतं हं, हं.

शेवटी तळहातावर ठेवलं :
एवढंसं. जळून निळं.
फिरवलं तर दाताखाली वाळू.
"एक बाजू फिरती, एक थांबलेली,
आणि हे मधी.
मधलंच झिजतंय, साहेब."

नवं मिळेना. पुण्यात नाही, हुबळीत नाही.
लेथवरच्या दस्तगीरनं
दुसऱ्याच कुठल्या गाडीचं बेअरिंग घेऊन
त्याला स्लीव्ह कातली,
पाव मिलिमीटर, पुन्हा पाव.

आता दाबतो : काही नाही.
काच खाली करून काकतीपर्यंत जाऊन आलो.
काही नाही.
सिग्नलला उगाच पाय दाबून
कान लावून बसतो.
मागचा उसाचा ट्रक
हॉर्नवर हॉर्न.